वयाचे चार कायदे, शरीर मात्र एकच

दिल्लीत मद्य विकत घ्यायचे तर वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. मेट्रोने दक्षिणेकडे निघून गुरुग्रामला उतरले की हीच मर्यादा २१ होते. हरियाणा विधानसभेने डिसेंबर २०२१ मध्ये ती २५ वरून खाली आणली. केरळने २०१७ मध्ये उलट वाट धरली आणि २१ ची मर्यादा २३ केली. तमिळनाडूत २१, पण त्याच किनाऱ्यावरच्या पुदुच्चेरीत १८. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, त्याहून कडक मद्यासाठी २५. शेजारच्या गोव्यात १८. गुजरात, बिहार आणि नागालँड येथे दारूबंदी असल्यामुळे काही अपवाद सोडले तर कोणत्याच वयाला मुभा नाही.

मद्य हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने राज्यांकडे सोपवला आहे, त्यामुळे ही विविधता घटनाबाह्य नाही. पण तिच्या मुळाशी काय आहे, हे पाहण्यासारखे आहे. कुठे गांधीवादी वारसा, कुठे महिलांच्या आंदोलनांचा रेटा, कुठे पर्यटनाची गरज, तर कुठे शेजारच्या राज्यात जाणारा महसूल परत आणण्याची घाई. राज्यांची उत्पादन शुल्क धोरणे वाचताना मला एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. परवाना शुल्क, दुकानांची संख्या, घाऊक विक्रेत्यांचे कमिशन यांवर त्यांत पानेच्या पाने असतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या शरीरात मद्य गेल्यावर काय घडते, यावर क्वचितच एखादी ओळ सापडते. वस्तुतः वयाची मर्यादा ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारला गेला पाहिजे.

प्रश्नाचा आवाका किती? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात. १० ते १७ या वयोगटात हे प्रमाण १.३ टक्के होते. टक्केवारी लहान दिसते. परंतु आपल्या लोकसंख्येत तिचा अर्थ सुमारे ३० लाख मुले असा होतो. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची जी लोकसंख्या नोंदली गेली, त्याहून ही संख्या मोठी आहे.

आता शरीराकडे वळू. मद्यातील इथेनॉलचा रेणू अत्यंत लहान असतो आणि पाण्यात सहज मिसळतो. त्याला अन्नासारखे पचावे लागत नाही. थोडा भाग जठरातून आणि बराचसा लहान आतड्यातून थेट रक्तात उतरतो आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचतो. पोट रिकामे असेल तर हा प्रवास आणखी वेगाने होतो. पुढचे काम मुख्यतः यकृताचे. तेथील विकरे इथेनॉलचे रूपांतर आधी ॲसिटाल्डिहाइडमध्ये करतात आणि मग त्याहून निरुपद्रवी असलेल्या ॲसिटेटमध्ये. यातील मधला पदार्थ विषारी आहे. पेशींतील जनुकीय द्रव्याला तो इजा करतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांचा समावेश कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात १९८८ मध्येच केला. गुटखा आणि तंबाखूच्या जोडीला मद्य आले की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा अधिक वाढतो, हे आपल्या देशात तरी विशेष लक्षात ठेवायला हवे.

यकृताच्या कामाला एक वेग असतो आणि तो फारसा बदलत नाही. ढोबळमानाने तासाला ७ ते १० ग्रॅम मद्यार्क एवढाच निचरा होतो. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी माणूस जागा झाल्यासारखा वाटतो; रक्तातील मद्यार्क मात्र आपल्याच गतीने उतरतो. आपल्याकडील व्हिस्की किंवा रममध्ये साधारणतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. त्या हिशेबाने ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम आणि १८० मिलिलिटरच्या ‘क्वार्टर’मध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क भरतो. आणि बिअर? ८ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ बिअर असेल तर ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. ‘बिअरच तर आहे’ हे वाक्य आपल्याकडे मित्रांच्या टोळक्यात आणि कधीकधी घरातही ऐकू येते. यकृताच्या हिशेबात या वाक्याला काही अर्थ नाही.

हीच बाटली ७५ किलोच्या प्रौढ पुरुषाने आणि ४५ किलोच्या मुलाने झटपट संपवली, असे समजू. शरीरातील पाण्याच्या प्रमाणावरून ढोबळ गणित केले, तर प्रौढाच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ८० मिलिग्रॅम मद्यार्क येतो आणि मुलाच्या रक्तात सुमारे १३०. त्याच वजनाच्या मुलीच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी असल्याने हा आकडा आणखी वर जातो. मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी घालून दिलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे.

किशोरवयात दोन धोके विशेष गंभीर असतात. यकृत मद्यार्काच्या निचऱ्यात गुंतले की नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावते. मुलांच्या यकृतात साखरेचा साठा मुळात कमी. संध्याकाळी न जेवता प्यायलेल्या मुलाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते आणि त्याची गुंगी ही साधी झोप समजली जाते. दुसरा धोका श्वासाचा. मद्यार्काचे प्रमाण फार वाढले की मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंदावते आणि घशाची स्वाभाविक संरक्षक क्रिया सुटते. उताण्या झोपलेल्या मुलाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. प्यायलेले मूल हाकेला ओ देत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, अंग गार पडले असेल, तर त्याला ‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ म्हणणे जिवावर बेतू शकते. त्याला कुशीवर वळवून, एकटे न सोडता, ताबडतोब रुग्णालयात नेले पाहिजे.

याहून खोल परिणाम मेंदूवर होतो. मेंदूचा आकार लहानपणीच जवळजवळ पूर्ण होतो, पण त्याची आतली बांधणी विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. न लागणारे पेशीबंध छाटले जातात, लागणाऱ्या मार्गांवर आवरण चढून संदेश वेगाने धावू लागतात. आनंद आणि बक्षीस शोधणारी यंत्रणा यात लवकर तयार होते. परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी. नेमक्या या काळात मद्य दोन रासायनिक संदेशवहनांत ढवळाढवळ करते: मेंदूला शांत करणारा संदेश ते वाढवते आणि शिकण्यासाठी, स्मरणासाठी लागणारा संदेश रोखते. नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाला त्याची झळ अधिक बसते. रात्री बोलत-चालत असलेल्या मुलाला सकाळी मधले दोन तास अजिबात आठवत नाहीत, ते यामुळे. त्या दोन तासांची नोंद मेंदूने केलेलीच नसते.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. ज्या मात्रेने प्रौढ उंदीर गुंगून पडत, त्या मात्रेत किशोर उंदीर बराच काळ जागे राहत. परंतु शिकण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत किशोर उंदरांचीच घसरण अधिक होई. मुलांना मद्य पाजून असा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये, त्यामुळे माणसाबद्दलचे ज्ञान वर्षानुवर्षे मुलांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांतून येते. अतिमद्यपान करणाऱ्या किशोरांच्या मेंदूची वाढ इतरांहून वेगळ्या गतीने होते, असे त्यांत वारंवार दिसले आहे. त्यात मद्याचा वाटा किती आणि आधीपासूनच्या उतावळ्या स्वभावाचा किती, हे वेगळे काढणे अवघड असते. तरीही धोरणकर्त्यासाठी यातला बोध पुरेसा स्पष्ट आहे. झोप येणे, तोल जाणे, मळमळणे हे शरीराचे थांबण्याचे इशारे आहेत आणि या वयात त्यांतले काही उशिरा मिळतात. ‘मला चढतच नाही’ अशी फुशारकी मारणारा सतरा वर्षांचा मुलगा खरे सांगत असतो. फक्त ते त्याच्या ताकदीचे लक्षण नसते.

पहिला पेला कोणत्या वयात, यालाही महत्त्व आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीच्या विश्लेषणात असे आढळले की पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी व्यसनाधीन झाले. विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. घरातील वातावरण, आनुवंशिकता, दारिद्र्य यांचा त्यात हात आहेच. म्हणून लवकर सुरुवात हे एकमेव कारण ठरत नाही. पण जे मूल आधीच अशा ओझ्याखाली आहे, त्याच्या हातातला पेला चार-पाच वर्षे लांबवता आला तर ते करायला हवे, एवढे तरी या आकड्यांवरून म्हणता येते.

मग कायदा काय करतो? कागदावर तो पुष्कळ कठोर आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वयमर्यादा १८ असो की २५, हे कलम देशभर लागू आहे. प्रत्यक्षात काऊंटरच्या जाळीतून हात आत जातो, पैसे जातात, बाटली बाहेर येते. वय विचारण्याची पद्धतच रुजलेली नाही. मद्यविक्रीच्या ठिकाणी वयाची पडताळणी सक्तीची करावी, या मागणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला नोटीस काढली. इतकी साधी गोष्ट न्यायालयात मागावी लागते, यातच सारे आले.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे घडलेले प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेल. सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्याआधी तो मद्यालयांत बसला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. खटल्याचा निर्णय न्यायालय देईल. मला येथे दोन मुद्दे नोंदवायचे आहेत. रक्तातील मद्यार्क दर तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतो. म्हणून अशा कोणत्याही प्रकरणात नमुना घ्यायला होणारा प्रत्येक तासाचा उशीर पुरावा पुसत जातो. आणि दुसरे, हे घडले ते देशातील सर्वांत कडक वयमर्यादा असलेल्या राज्यांपैकी एका राज्यात. नाममात्र शुल्काच्या एक दिवसाच्या परवान्यावर चालणाऱ्या या व्यवस्थेत २५ हा आकडा कोणाचेही रक्षण करत नाही.

कायदा असा ढिला का राहतो, याचे उत्तर तिजोरीत आहे. मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. त्यामुळे राज्यांच्या हाती उरलेल्या मोजक्या मोठ्या करांत मद्यावरील कर येतो. तमिळनाडूत २००३ पासून किरकोळ विक्री सरकारी महामंडळच करते आणि २०२३-२४ मध्ये त्यातून राज्याला ४५ हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल मिळाला. या पैशातून शाळा आणि रुग्णालये चालतात, हेही खरे, म्हणून त्याची टवाळी करण्यात अर्थ नाही. पण विक्रेता, करवसूल करणारा आणि वय तपासणारा एकच असेल, तर तिसरे काम मागे पडणार हे उघड आहे.

दारूबंदी हा त्यावरचा उपाय म्हणून पुढे केला जातो. घटनेच्या अनुच्छेद ४७ चा त्याला आधार आहे आणि बिहारमध्ये एप्रिल २०१६ मध्ये लागू झालेल्या बंदीमागे मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांची मागणी होती. ती तुच्छ लेखण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. मात्र मुलांपुरता विचार केला तर बेकायदा विक्रेता वय विचारत नाही, हे विसरता येणार नाही. शिवाय गावठी दारूत मिसळलेले मिथेनॉल शरीरात फॉर्मिक आम्ल बनून दृष्टीच्या चेतातंतूंवर हल्ला करते. जुलै २०२२ मध्ये गुजरातमधील बोटाद आणि डिसेंबर २०२२ मध्ये बिहारमधील सारण येथे याचे बळी गेले. जून २०२४ मध्ये तमिळनाडूतील कल्लाकुरिची येथे, जिथे बंदी नाही, साठहून अधिक माणसे दगावली. विषारी दारू बंदी असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या राज्यांत विकली जाते. तिला लागते फक्त गरिबी आणि डोळेझाक.

मग काय करावे? माझे मत असे की संपूर्ण देशासाठी २१ ही एकच किमान मर्यादा असावी आणि ती खरोखर पाळली जावी. मेंदूचा विकास २५ पर्यंत चालतो, मग २५ का नको, असा प्रश्न कोणी विचारेल. मतदानाचा हक्क १८ व्या वर्षी मिळतो, मग मद्याचा का नाही, असे दुसरा विचारेल. पहिल्याला उत्तर असे की नोकरी करणारा चोवीस वर्षांचा तरुण जो नियम उघडपणे मोडतो, तो नियम सोळा वर्षांच्या मुलालाही नियम वाटेनासा होतो. दुसऱ्याला उत्तर असे की १८ ची मर्यादा म्हणजे बाटली बारावीच्या वर्गापर्यंत पोहोचण्याचा रस्ता, कारण एकाच वर्गात काही मुले अठराची असतात आणि काही सतराची.

राज्यांच्या अधिकारात हात न घालता हे साधता येते का? अमेरिकेत १९८४ मध्ये केंद्रीय कायद्याने २१ ची मर्यादा न पाळणाऱ्या राज्यांच्या महामार्ग अनुदानात कपात करण्याची तरतूद केली. १९८७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली आणि पुढच्याच वर्षापर्यंत सर्व राज्ये २१ वर आली. आपल्याकडे रस्ते सुरक्षेचा केंद्रीय निधी वयाच्या पडताळणीशी जोडता येईल. त्याबरोबर कर बाटलीवर न लावता तीत असलेल्या मद्यार्काच्या ग्रॅमवर लावावा, म्हणजे कमी पैशांत जास्त नशा देणारी पेये मुलांच्या खिशाला परवडणार नाहीत. सोडा आणि संगीताच्या सीडीच्या नावाखाली चालणाऱ्या आडवाटेच्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये बंदी घातली आहे. तिची अंमलबजावणी क्रिकेटच्या हंगामात दिसली पाहिजे.

उपचाराची बाजू सर्वांत दुबळी आहे. ‘एम्स’च्या त्याच पाहणीनुसार मद्याच्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतो. मनोविकारतज्ज्ञ तुटपुंजे आहेत, हे कारण पुरेसे नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी मोजक्या भेटींत अतिमद्यपी पुरुषांना मदत केली आणि तिचा उपयोग झाला, असे ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. हीच पद्धत किशोरांसाठी घडवून पाहता येईल. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची केंद्रे त्यासाठी आहेतच. नशामुक्तीची १४४४६ ही मोफत राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे, पण ती किती शाळांच्या फलकांवर लिहिलेली दिसते? बेशुद्ध मित्राला रुग्णालयात आणणाऱ्या मुलांना पोलिसांची भीती वाटू नये, असा स्पष्ट आदेश काढायला तर पैसाही लागत नाही.

आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात एकदा तरी झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. तेथे दरवर्षी शाळांत पाहणी झाली, पालकांनी रात्रीच्या वेळा ठरवल्या आणि नगरपालिकांनी खेळ व कलांसाठी पैसा दिला. तो देश लहान आणि श्रीमंत आहे, आपली त्याच्याशी बरोबरी नाही. पण दरवर्षी मोजणे, ही त्यांची पहिली पायरी कोणत्याही राज्याला परवडणारी आहे.

प्रत्येक मार्चमध्ये विधानसभांत मद्याच्या महसुलाचा आकडा वाचला जातो, पुढील वर्षाचे उद्दिष्टही सांगितले जाते. त्याच निवेदनात आणखी तीन आकडे असावेत: वर्षभरात किती दुकानांत वयाची पडताळणी तपासली, अल्पवयीनांना विक्री केल्याबद्दल किती परवाने रद्द झाले, आणि मद्याच्या त्रासासाठी अठरा वर्षांखालील किती मुलांवर उपचार झाले. आमदारांनी या तीन आकड्यांची मागणी लावून धरावी. ते मिळू लागले, तर १८, २१, २३ की २५ या वादाला पहिल्यांदाच काही आधार मिळेल.